ताई, टॉर्च धर!

घरी स्वतःचा चहाचा कप न उचलणारा माझा धाकटा भाऊ पीथमपूरच्या थंडीत गाडीखाली आडवा झाला होता. 2019चा जानेवारी. आणि मी, त्याची मास कॉमवाली ताई, टॉर्च धरून उभी!

'बाहा एसएई इंडिया' म्हणजे इंजिनीअरिंगच्या पोरांची वारीच. पाईप वाकवून, वेल्डिंग करून खड्ड्यांतून पळणारी एका सीटची गाडी स्वतः बनवायची. 1976मध्ये अमेरिकेत सुरू झालेला हा प्रकार 2007मध्ये आपल्याकडे, इंदूरजवळ पीथमपूरला आला. आमच्या वेळी इंजिन सगळ्यांना सारखंच होतं, दहा हॉर्सपॉवरचं. म्हणजे श्रीमंत कॉलेजांची मिजास चालायची नाही. (चालायची हो, बाकीचे पार्ट्स काय फुकट येतात?)

आमचं घोडं अडलं ब्रेक टेस्टला. करकचून ब्रेक दाबल्यावर चारही चाकं एकदम लॉक व्हायला हवीत, नाहीतर रेस विसरा. यांचं मागचं एक चाक मजेत फिरत होतं. ब्रेकच्या लाइनमध्ये हवा! एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं निपल सैल करून बुडबुडे काढायचे, घट्ट करायचं, की पुन्हा तेच.

तेवढ्यात बाबांचा फोन. "कॅम्पस इंटरव्ह्यू बुडवून गाडी-गाडी खेळतोय का अजून?"

"झोपलाय," मी ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी जमिनीवर टायरच्या चार काळ्या खुणा उमटल्या. पोरं रडली, मीही. चार तासांच्या रेसमध्ये दीड तासात एक्सल तुटला, ते नंतर. आधी मी खुणांचा फोटो बाबांना पाठवला.

रिप्लाय आला, "टायर केवढ्याचे?"