शिंगं आणि मुंग्या

डहाणू

चि. मुक्ता,


तू पाठवलेला टेक्सासच्या शिंगवाल्या सरड्याचा फोटो मामीला दाखवला. ‘भाकरीसारखा चपटा काय झालाय हा!’ एवढंच ती म्हणाली.

आपल्या डहाणू-तलासरीकडे असा मिळतो का, असं तू विचारलंस. नाही गं. ते कुळ तिकडचंच. श्रीलंकेत नाकावर शिंग असलेले सरडे आहेत, पण त्यांचं घराणं निराळं. आपल्याकडे शिंगांच्या जवळपास जाणारं काही असेल, तर ते आपल्या नेहमीच्या सरड्याच्या कानापाशी. पावसाच्या तोंडावर नर कुंपणाच्या खांबावर जोर काढत असतो. डोकं आणि गळा लालभडक, मानेपासून पाठीवर काट्यांची झालर. नीट बघितलंस तर कानाच्या पडद्याच्या जरा वर दोन बारीक काटे दिसतील. झाली आपली शिंगं!

तुझा सरडा मात्र पक्का लढवय्या. कोल्ह्याकुत्र्यांच्या जातीचं कुणी अंगावर आलं, की डोळ्यांतून रक्ताची चिळकांडी मारतो. एवढं करूनही टेक्सासच्या पूर्व भागातून तो जवळजवळ नाहीसा झाला. त्याचं मुख्य खाणं म्हणजे दाणे गोळा करणाऱ्या मोठ्या लाल मुंग्या. दक्षिण अमेरिकेतून जहाजांच्या मालाबरोबर आलेल्या आगमुंग्यांनी त्यांना हुसकावलं. मग आगमुंग्या मारायला माणसांनी विष टाकलं, त्यात या कामाच्या मुंग्याही गेल्या. आता 1993 पासून तो टेक्सासचा राज्य-सरपटणारा प्राणी आहे. मान मिळाला, पण जेवणाचं काय?

आमच्याकडचा एवढा चोखंदळ नाही. नाकतोडे, अळ्या, मुंग्या, जे समोर येईल ते गट्टम. त्याला कुंपण हवं, आणि मादीला अंडी पुरायला मऊ माती. 1991 साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, भोवती 25 किलोमीटरच्या पट्ट्यात उद्योगांवर बंधनं आली, म्हणून चिकूच्या वाड्या टिकल्या आणि त्यांच्याबरोबर हाही. पण हल्ली मेंदी-निवडुंगाची कुंपणं काढून सिमेंटच्या भिंती घालतात, बांधावर तणनाशक मारतात. मला हे अजिबात पटत नाही. दोन काटे कमी असले तरी बिघडत नाही. बांध नसला तर तो राहणार कुठे?

पुढच्या खेपेला सरडा नको, त्याच्या आसपासच्या मुंग्यांच्या बिळाचा फोटो पाठव. तोंडाशी काय काय गोळा केलंय, ते मला बघायचंय.

तुझा,
मामा