विहिरीचा कोपरा

मुरगूडला वेदगंगेकडं उतरणारी रानं नीट चौकोनी क्वचितच असतात. ओढा वळला की बांध वळतो, आणि कुठंतरी एखादा तिकोना तुकडा उरतो. आमचा तसलाच होता. तिन्ही बाजू तीन मापाच्या, शाळेच्या भाषेत विषमभुज. वरच्या कोपऱ्यात विहीर.

आज्जा गेल्यावर वाटणी निघाली आणि माझा बाप आबा अन् धाकटा चुलता तात्या यांचं बोलणं तुटलं. विहीर दोघांनाही पाहिजे. आडवा बांध घातला तर एकाला पाणी आणि दुसऱ्याला नुसतं रान.

शेवटी आईनं आपल्या भावाला बोलावलं. मामा गवंडीकाम करायचा. मला त्यानं दोरीचं टोक धरायला लावलं. साखळी ३३ फुटांची; साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. खालचा बांध ८ साखळ्या भरला. मामानं ४ साखळ्यांवर खुंटी ठोकली आणि तिथून थेट विहिरीपर्यंत दोरी ताणली.

"ही वाटणी. विहिरीला दोघंबी लागतात."

तात्या उसळला, "पाव्हणं, माझा तुकडा बघा की! नुसती शेपटी. आबाचा कसा भरीव दिसतोय!"

दिसत होतं तसंच. आबाच्या तुकड्याचे तिन्ही कोन काटकोनाहून लहान, म्हणजे तो लघुकोन त्रिकोण. तात्याचा कोन खुंटीपाशी चांगला फाकलेला, तो विशालकोन.

मामानं दोरीला ३, ४ आणि ५ हातांवर गाठी मारल्या. त्या तीन खुंट्यांभोवती ताणल्या की काटकोन होतो. घराचा पाया आखताना गवंडी हेच करतात. तो काटकोन बांधावरून सरकवत नेला, तेव्हा विहीर सरळ रेषेत आली ती आबाच्या रानातून. तिथून विहीर ५ साखळ्या.

"तात्या, तुमच्या तुकड्याची उंचीबी हीच. कोन फाकला की उंची बाहेर पडते, भावाच्या रानात. पाया दोघांचा ४, उंची दोघांची ५. गुणा आणि निम्मं करा."

चार पंचे वीस, निम्मे दहा. दोघांना दहा-दहा गुंठे.

तात्यानं साखळी हातात घेतली आणि सगळं पुन्हा स्वतः मोजलं. मग घाम पुसत, कित्येक महिन्यांनी भावाकडं बघून बोलला,

"आबा, पाण्याची पाळी कशी लावायची?"

"आधी तू पाज," आबा म्हणाला.