ऑइल पंपाची रुजवात

पावसाची झड लागून उसाच्या फडांत गाडी शिरणे अशक्य झाले, की हातकणंगले तालुक्यात आमच्या व्यवसायाचा खरा हंगाम सुरू होतो. कारण नरंदे, हुपरी, इचलकरंजी या बाजूंच्या साखर कारखान्यांचे गाळप ज्या मुदतीत बंद असते, त्याच मुदतीत ऊसवाहतुकीचे ट्रक इंजिन उतरवण्यासाठी निवांतपणे उभे राहू शकतात, आणि दसरा उलटून मोळी टाकण्याचा दिवस जवळ आला म्हणजे त्याच ट्रकांच्या मालकांचा तगादा सकाळ-संध्याकाळ सुरू होतो. नवे लायनर, नवे पिस्टन, नव्या रिंगा यांचा खर्च मालक बिनतक्रार मंजूर करतो. ऑइल पंप मात्र, ‘चालू होता ना?’ एवढ्याच चौकशीवर जसाच्या तसा परत बसवला जातो.

ज्या इंजिनाला टर्बो आहे, त्याच्या बाबतीत ही उपेक्षा मला अक्षम्य वाटते. धुराबरोबर व्यर्थ जाणाऱ्या शक्तीनेच हवा दाबून सिलिंडरात भरावी, ही कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली पेटंटाच्या रूपाने नोंदवली, आणि भरलेला ट्रक घेऊन आंबा घाट चढणाऱ्या चालकाला तिचे मोल निराळे सांगावे लागत नाही. परंतु त्या टर्बोचा बोटाएवढा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो. त्याच्या एका टोकाला तप्त धुराचा मारा असतो, दुसऱ्या टोकाला हवा ओढणारे चाक असते, आणि मधल्या बुशांना आधार असतो तो केवळ तेलाच्या पातळ थराचा. उष्णता वाहून नेण्याचे कामही त्याच तेलाकडे. त्यातच अशा बहुतेक इंजिनांत पिस्टनच्या पोटावर तेलाची धार मारून त्याला निववणाऱ्या तोट्या असतात. तेलाचे मागणीदार असे वाढले, पुरवठादार मात्र एकटा पंपच राहिला.

म्हणून पंपाची रुजवात मी सवडीने, आणि शक्यतो सकाळच्या उजेडात करतो. प्रथम गाळणी पाहावी: तिच्या जाळीत अडकलेली चकाकती कपची बेअरिंगची हकीकत सांगते, तर कडक झालेल्या गॅस्केटचे तुकडे मागल्या कारागिराच्या घाईची. मग पंप डिझेलने धुऊन, वाऱ्याने कोरडा करून, झाकणाचा आतला पृष्ठभाग प्रकाशात तिरका धरावा. त्यावर वर्तुळाकार चरे असतील आणि नख त्यांत अडत असेल, तर पुढील मापे घेण्यापूर्वीच निर्णय जवळजवळ झालेला असतो. आमच्याकडे वारंवार येणारे कमिन्सचे सहा सिलिंडरचे ५.९ लिटर इंजिन घ्या. त्याच्या पंपात एक दातेरी चकती दुसऱ्या चकतीच्या पोटात फिरते, आणि आतल्या चकतीला बाहेरचीपेक्षा एक दात कमी असतो. दातांच्या टोकांमधली फट सुमारे ०.१८ मिलिमीटरच्या आत असावी, आणि चकतीच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने मोजलेली बाजूची फट ०.१३ मिलिमीटरच्या आत. ही दुसरी फट मी नेहमी दोनदा मोजतो. अरुंद फटीतून गळणारे तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फट दुप्पट झाली की गळती आठपट होते. आणि तेल तापून पातळ झालेले असताना, इंजिन मंद चालत असताना, ही गळती टर्बोच्या वाट्याला काही उरू देत नाही. केसाच्या जाडीहून फारशा निराळ्या नसलेल्या या अंतरावर सगळ्या इंजिनाचे आयुष्य तोललेले असते, हे ज्याला कळले तो गेजचे पाते घाईने सरकवणार नाही.

आता सुधारणेविषयी. ‘दाब कमी दाखवतो, मोठा पंप टाका किंवा स्प्रिंग कडक करा,’ हा मालकांचा ठरलेला आग्रह. दाब म्हणजे तेल नव्हे, हे मी त्यांना दरवेळी समजावून सांगतो. काट्यावर दिसतो तो तेलाच्या मार्गातला अवरोध. जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेची स्प्रिंग कडक केल्याने वरची मर्यादा तेवढी सरकते. मंद गतीत ती झडप मुळात बंदच असते, त्यामुळे जिथे तेल कमी पडते तिथे कडक स्प्रिंगचा उपयोग शून्य. रुंद चकत्यांचा पंप दर फेऱ्याला अधिक तेल देतो खरा, आणि टर्बोचा दाब वाढवलेल्या, पिस्टनवर नव्याने तोट्या बसवलेल्या इंजिनाला तो द्यावाच लागतो. पण झिजलेल्या बेअरिंगांवर तो बसवणे म्हणजे रोगाच्या कागदावर निरोगीपणाचा शिक्का मारणे होय. शिवाय वर गेलेले तेल खाली परतले पाहिजे. टर्बोतील तेल चेंबरमध्ये केवळ स्वतःच्या वजनाने उतरते. तिथली नळी दबलेली किंवा वाकडी असली, तर मोठ्या पंपाने लोटलेले तेल सीलमधून वाट काढते, निळा धूर निघतो, आणि आळ मात्र टर्बोवर येतो. माझ्या मते बहुतेक इंजिनांना उत्तम सुधारणा एकच पुरते: त्याच मापाचा, फटी अचूक राखलेला नवा पंप, मोकळी परतनळी आणि मापात बसलेली बेअरिंगे.

इंजिन बांधून झाले की पंपात हाताने तेल भरावे, टर्बोच्या तोंडातही ओतावे, आणि डिझेल बंद ठेवून काटा हलेपर्यंत सेल्फ मारावा. तो हलला नाही तर दुसरे काही न पाहता पंपाची ओढनळी आधी सोडावी. पहिल्या फेऱ्यांनंतर फिल्टर बदलताना जुना फिल्टर मी करवतीने कापून त्याचा कागद पसरवून पाहतो. सुरुवातीची बारीक करडी भुकटी क्षम्य असते. तांबूस कण दिसले, तर मात्र मोळी पडलेली असली तरी तो ट्रक मी रस्त्यावर जाऊ देत नाही, आणि मालकाची बोलणी ऐकत चेंबरचे बोल्ट सोडायला घेतो.