देवाने की देवांनी?

चाकणची पहिली शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमध्ये मी हिब्रूची वही उघडतो. कुरुळी ते मोशी गाड्या हलत नाहीत, तेवढ्यात एखादं रूप पाठ होतं. शिकवणारे काका रास्ता पेठेतले, बेने इस्राएल यहुदी. घरची बोली मराठी, प्रार्थना हिब्रूत. आम्ही ख्रिस्ती, पण बायबल वाचलं ते मराठीतच.

काकांनी बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचं पहिलंच वाक्य लावायला दिलं. कर्ता 'एलोहीम', म्हणजे देव; 'ईम' हा अनेकवचनाचा प्रत्यय. क्रियापद मात्र 'बारा', म्हणजे निर्माण केलं, एकवचनी. मला वाटलं, आपल्यासारखं आदरार्थी बहुवचन असेल. पण आपल्याकडे 'आजोबा आले' म्हणताना क्रियापदही बदलतं. इथे नाम अनेकवचनी आणि क्रिया एकाची! काकांनी क्रियापदाच्या शेवटी बोट ठेवलं. अनेकवचनाचं 'वाव' हे अक्षर तिथे यायला हवं होतं, ते नाही.

मराठीत उतरवायला गेलो आणि अडलो. 'देवाने पृथ्वी निर्माण केली.' कर्मणी प्रयोग. 'केली' पृथ्वीप्रमाणे चालतं. देव एकच, ही साक्ष हिब्रूत क्रियापद देतं. मराठी क्रियापदाला इथे ती देताच येत नाही. 'देवाने' की 'देवांनी', हा निकाल नामातच लावावा लागतो.

सव्विसाव्या वचनात तर देव स्वतःच अनेकवचनात बोलतो: मनुष्य करू. कोणाला उद्देशून? ख्रिस्ती परंपरेने यात त्रैक्य पाहिलं. अकराव्या शतकातला यहुदी भाष्यकार राशी म्हणतो, देवाने देवदूतांचा विचार घेतला, घडवलं मात्र एकट्याने. पुढच्या वचनातलं क्रियापद एकवचनीच आहे. हिब्रूत त्या 'करू'मध्ये ऐकणारा धरलाय की नाही, ते कळत नाही. मराठीत 'आपण' लिहिलं तर तो निर्मितीत सामील, 'आम्ही' लिहिलं तर बाहेर. व्याकरणातली एवढीशी निवड, आणि देवाविषयीचं अख्खं म्हणणं बदलतं! मी सुन्न झालो.

हिब्रू आणि मराठीची गाठ घालणारा मी पहिला नाही. बेने इस्राएलांसाठी मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीत हिब्रू व्याकरण काढलं होतं. पुढे केडगावला पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, १९२४ साली ते प्रसिद्ध झालं. संस्कृत व्याकरणात मुरलेल्या बाईंना हा पेच दिसला नसेल, हे मला पटत नाही. त्यांची प्रत मिळवायची आहे. सव्विसावं वचन आधी काढीन.