चाकाला चिकटलेली माती

ही नोंद डिसेंबरातली आहे, पण मधे पानगळीची फवारणी आणि छाटणीची माणसं यांत लिहायची राहून गेली.

आंबे बहाराचा ताण चालू होता. पाणी तोडून पंचवीस दिवस झाले होते, पानं पिवळी पडायला लागली होती, सगळं गणितात बसलं होतं. आणि एका रात्री अवकाळी आला. वाऱ्यासकट, विजांसकट, पहाटेपर्यंत. आमच्या कसमादे पट्ट्यात डाळिंब लावणाऱ्याला अशा रात्री झोप लागत नाही, हे वेगळं सांगायला नको. ताण तुटला की झाडाला नवी फूट येते, सगळी कळी पुढे-मागे होते. शिवाय नदीकडच्या प्लॉटमध्ये पाणी साचलं का, चरांनी काम केलं का, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

तो प्लॉट घरापासून अडीच किलोमीटर. त्यातलं दीड किलोमीटर पाणंद, निव्वळ काळी. ट्रॅक्टर घातला तर पुढच्या महिनाभरासाठी रस्त्याचं वाटोळं. मोटरसायकल मागच्या वर्षी घातली होती, मडगार्डमध्ये गारा भरून चाकच फिरेना, तिथंच आडवी करून चालत घरी आलो. म्हणून यंदा पुतण्याची गिअरची सायकल काढली. तो शिकायला पुण्याला गेला तेव्हापासून ती पडवीत धूळ खात होती. जाड गुट्ट्यांचे टायर, पुढं शॉकअप, एकवीस गिअर. गावात हसले काहीजण. पण अडकली की खांद्यावर घेता येते, हा गुण ना ट्रॅक्टरमध्ये ना मोटरसायकलमध्ये.

काळ्या मातीतून सायकल चालवणं हा प्रकार ज्यांनी केला नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. भर पावसात, पाणी वर तरंगत असताना, काळी एवढा त्रास देत नाही. चिखल पातळ असतो, चाकावरून निथळून जातो. पूर्ण सुकल्यावर तर प्रश्नच नाही. खरी गोची मधल्या अवस्थेत. पाऊस थांबून दहा-बारा तास झालेत, वरचं पाणी जिरलंय, पण वाफसा आलेला नाही, तेव्हा ही माती कणकेसारखी होते. आपल्या काळीत फुगणारी चिकणमाती जास्त, तिचे कण पाणी धरून ठेवतात आणि एकमेकांना चिकटतात. टायरला एक थर बसतो, त्याला गवताच्या काड्या लागतात, त्यावर दुसरा थर. पन्नास पावलांत टायर दुप्पट जाड होतो आणि चिमट्यात अडकतो. ब्रेक न दाबताच गुटके गच्च. मग उतरायचं, बाभळीची काडी मोडायची आणि खरवडत बसायचं.

चार-पाच फेऱ्यांनंतर कळलेल्या गोष्टी अशा: दोन्ही मडगार्ड काढून टाकायचे, अंगावर उडालं तर उडू द्यायचं. हवा थोडी कमी ठेवायची. गिअर हलका ठेवून पाय एका लयीत फिरवायचे, उभं राहून जोर लावला की मागचं चाक जागेवर फिरतं. शक्यतो गवत असलेली कड धरायची. आणि पहाटे गारठ्यात, दहा-अकरा डिग्रीला, ओल्या बोटांनी ब्रेक दाबला जात नाही, म्हणून फवारणीचे हातमोजे घालायचे. दिसायला विचित्र, पण बोटं जागेवर राहतात.

प्लॉटमध्ये मात्र सायकल नेत नाही, बांधावरच टेकवतो. ओल्या जमिनीवर कुठलंही चाक गेलं की माती दबते, आणि दबलेल्या जागी पाणी साचतं. मुळांना हवा लागते. ते चाक ट्रॅक्टरचं आहे की सायकलचं, मुळांना काय घेणं.

आता जे खरं सांगायचंय ते. पाणंद जिथं संपते तिथं नानांची बाग लागते. नाना म्हणजे आमचे भाऊबंदच, वडिलांच्या वयाचे. माझ्या प्लॉटची वाट त्यांच्या बागेच्या दोन ओळींमधून जाते, पिढ्यान् पिढ्या. नानांच्या बागेत दोन वर्षांपासून मर आहे. आधी एक फांदी पिवळी पडते, मग दुसरी, मग अख्खं झाड उभं वाळतं. खोड आडवं कापलं की आत काळपट-करडा डाग, चांदणीसारखा पसरलेला. ज्यांनी बघितलाय त्यांना तो विसरता येत नाही. सेरॅटोसिस्टिस म्हणतात त्या बुरशीला. सोबत मुळांवर सूत्रकृमीच्या गाठी, खोडाला शॉट होल बोररची बारीक छिद्रं. नानांची चारशे झाडं होती, आता निम्मी असतील.

ही बुरशी जमिनीत जाड कवचाचे बीजाणू करून टिकून राहते. म्हणजे माती जिथं जाईल तिथं ती जाऊ शकते. पाण्यासोबत, नांगरासोबत, मजुराच्या चपलेसोबत आणि माझ्या गुट्ट्यांच्या टायरसोबत. तेल्या आला तेव्हापासून छाटणीची कात्री दर झाडाला सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवायची सवय आपल्याला लागली. पण कात्री बुडवणारा हाच माणूस रोज दोन-तीन किलो माती चाकावर घेऊन एका बागेतून दुसऱ्या बागेत जात होता, आणि ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यात भर म्हणजे धुण्याची जागा. पहिल्या फेरीनंतर मी सायकल घरामागे, नव्या रोपांच्या कडेला, एचटीपी पंपाच्या गननं धुतली. ट्रॅक्टर धुतो तशीच. पाच मिनिटांत चकाचक. दोन चुका एकदम केल्या. पहिली सायकलची: त्या प्रेशरनं पाणी हबमध्ये आणि पायडलच्या एक्सलमध्ये घुसलं, ग्रीस बाहेर, आठवड्यात छर्रे गंजून कुरकुर सुरू. दुरुस्तीवाल्यानं हब खोलून तांबडं पाणी दाखवलं, तेव्हा मान खाली घातली. दुसरी चूक पैशानं दुरुस्त होणारी नाही. ते सगळं मातकट पाणी उतारानं रोपांच्या पहिल्या ओळीत गेलं. अजून रोपं उभी आहेत. पण मी रोज सकाळी त्या ओळीतून आधी फिरतो आणि मग चहा पितो.

न्यूझीलंडमध्ये कौरी नावाची प्रचंड मोठी झाडं आहेत, त्यांना मुळांतून मारणारा एक रोग मातीतून पसरतो. तिथं जंगलात शिरताना-निघताना बूट घासायचे ब्रश आणि जंतुनाशकाची सोय ठेवलीय, काही वाटा तर बंदच केल्यात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला 2015 साली केळीचा टीआर-फोर सापडला, तेव्हापासून बागेच्या गेटवर गाड्या आणि बूट धुणं हा तिथल्या कामाचाच भाग झाला. आपल्याकडे एखाद्यानं गेटवर 'पाय धुवून या' म्हटलं तर पाहुणा परत जाईल.

आणि तसंच झालं. मी ठरवलं की नानांची बाग ओलांडली की माझ्या बांधाच्या अलीकडंच चाकं साफ करायची. दोन कॅन पाणी, बांबूची चपटी काडी, जुना ब्रश. आधी सगळी माती खरवडायची, ती तिथंच पडू द्यायची, मग ब्रशनं पाणी, शेवटी हायपोक्लोराइटचा हात. क्रम महत्त्वाचा आहे, कारण मातीवर क्लोरीन मारलं तर ते मातीतच खर्ची पडतं, रोगापर्यंत पोचत नाही. थोडा वेळ थांबून साध्या पाण्यानं धुवायचं, नाहीतर चेन गंजते. चपलांचंही तेच.

दुसऱ्याच दिवशी नाना मागे येऊन उभे राहिले. "काय करी राहिना रे भाऊ?"

मी म्हटलं, "चाकं धुतोय नाना. चिखल फार झालाय."

नाना शेतकरी आहेत, बावळट नाहीत. त्यांनी ब्रशकडं बघितलं, क्लोरीनचा वास घेतला, मी कुठं उभा आहे ते बघितलं. घराकडं जाताना चिखल धुतला असता तर गोष्ट वेगळी होती. मी त्यांच्या बागेतून माझ्या बागेत शिरताना धूत होतो. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे आमची माती आता विटाळ झाली." आणि गेले.

मंडळी, खरं सांगतो, गारपिटीनं बाग झोडली तेव्हा एवढं वाईट वाटलं नव्हतं. याच माणसानं मला पहिली कात्री धरायला शिकवली. संध्याकाळी घरी गेलो त्यांच्या. चहा आला, हवामानाचं बोलणं झालं, कांद्याच्या भावाचं झालं, मूळ विषय निघेना. शेवटी मीच फोनवर माझ्या रोपांच्या ओळीचा फोटो दाखवला आणि सांगितलं की सायकल मी घरामागे धुतली, पाणी यात गेलं, आता भीती वाटते. नानांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "त्या ओळीला पाणी वेगळं दे. शेवटी दे. आणि तिथं वापरलेलं खुरपं दुसरीकडं नेऊ नको." विटाळाचं बोलणं त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. निघताना त्यांनी विचारलं की मेलेली झाडं ते बागेतून ओढत बांधावर नेतात, ते चुकतंय का. मी म्हटलं, चुकतंय नाना. जागेवरच मुळासकट काढून, पोत्यात घालून, बाहेर नेऊन जाळायला पाहिजे. ते काही बोलले नाहीत.

सायकलचं म्हणाल तर आता एचटीपी बंद. बादली, मऊ ब्रश, हबवर पाण्याची धार नाही. चेन डिझेलच्या फडक्यानं पुसायची, दात घासायच्या जुन्या ब्रशनं फ्रीव्हील साफ करायचं, डिझेल रिमला लागू द्यायचं नाही, नाहीतर ब्रेक लागत नाही. मग उन्हात तासभर उलटी उभी. सुकल्यावर चेनला थेंब-थेंब तेल आणि वरचं पुसून घ्यायचं. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल घालू नका, मी घातलंय, धूळ धरून चेनची कानस होते. धुण्याची जागा आता गोठ्याच्या पलीकडे मुरमाड पड आहे तिथं, पाणी कुठल्याच बागेकडं उतरत नाही.

ताणाचं विचाराल तर तुटला. नदीकडच्या प्लॉटला खालच्या चार ओळींत फूट आली, पानगळ दहा दिवस पुढं ढकलावी लागली. रोपांची पहिली ओळ आज सकाळपर्यंत हिरवी आहे. तिसऱ्या झाडाची एक फांदी जरा फिकी वाटली, नानांना दुपारी बोलावलंय बघायला.