चढावर

यवतेश्वरच्या घाटात पुढे एसटी वळण घेत होती, म्हणून मी चढावरच थांबले. एसटी निघाली, मी ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी जागची हलली नाही. मागे घसरणं नाही, गचका नाही. दोनेक सेकंद ती आपली आपण उभी राहिली. तेवढ्यात पाय ॲक्सिलरेटरवर गेला आणि आम्ही वर निघालो. शोरूममधल्या मुलाने 'हिल होल्ड' म्हणून काही सांगितलं होतं खरं. तेव्हा माझं लक्ष रंगांकडे होतं.

आमच्या घरी हे काम माझं होतं.

नानांकडे फियाट डिलाइट होती, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. पद्मिनी हे नाव तिला पुढे सत्तरच्या दशकात मिळालं. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, पुढे सलग बाक, त्यावर नाना, आई आणि आईच्या मांडीवर धाकटा भाऊ. मागे मी आणि सामान. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी लागायचा. तेव्हा बोगदा नव्हता, जाणारे-येणारे सगळे त्याच घाटातून. पुढचा ट्रक धापा टाकत थांबला की मागची अख्खी रांग चढावर थांबायची. नाना मागे न बघता म्हणायचे, "बाळ, दगड." की मी दार उघडून खाली.

दगड माझ्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेला असायचा. काळा, एका अंगाने उतरता, पडलेल्या वाड्याच्या जोत्यातून नानांनी निवडून आणलेला. मागच्या चाकाला तो असा भिडवायचा, की मध्ये बोट जाऊ नये. ढिला राहिला तर गाडी घसरत येऊन त्याच्यावरूनच जाते. हात चाकामागे न्यायचा नाही, दगड बाजूने सरकवायचा. तापलेल्या रबराचा वास अगदी नाकाशी. मग नाना हाफ क्लचवर इंजिन भरत न्यायचे, गाडी वीतभर पुढे सरकली की मी दगड ओढून घ्यायची आणि तो पोटाशी धरून धावत सुटायची. वळणापलीकडे जरा सपाटी बघून नाना थांबायचे. वर खामजाईच्या देवळापाशी बॉनेट उघडायचं. इंजिनातल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं, कारण उष्णतेने आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. रेडिएटरच्या झाकणाला इतक्यात हात लावायचा नाही. आई दशम्या काढायची, आम्ही कठड्यापाशी उभं राहून खायचो आणि खालून येणारे ट्रक मोजायचो. भाऊ मोठा झाल्यावर त्याने दगडाचं काम मागितलं. मी दिलं नाही.

नानांच्या डाव्या पायातलं ते कसब आता यंत्र करतं. माझी वॅगनआर एएमटी आहे: गिअरबॉक्स नेहमीचाच, फक्त क्लच दाबायचा नि गिअर बदलायचा, एवढं काम गाडी आपलं आपण करते. सर्वसामान्यांच्या गाड्यांत हे आपल्याकडे 2014 मध्ये सेलेरिओबरोबर आलं. गिअर बदलताना ती क्षणभर थबकते. पुष्कळांना ते आवडत नाही, मला आवडतं. तिथे पाय जरासा सैल सोडला की गिअर अलगद पडतो. म्हणजे दोघींनी मिळून चालवायची.

माझ्या मुलाचं म्हणणं होतं, मोठी घे, उंच घे, सुरक्षित असते. पण साताऱ्याचा राजपथ काही रुंद होणार नाही. मोती चौकात मोठ्या गाड्या दोन्ही बाजूंना लागल्या की मधून हातगाडीसुद्धा निघत नाही, आणि त्यांत बहुतेक वेळा एकच माणूस असतो. मला हे मनापासून खटकतं. माझी गाडी साडेतीन मीटरहून जराशी लांब आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या उताराच्या गल्लीत ती एका दमात वळते. सीट अशा उंचीवर आहे, की आत शिरताना वाकावं लागत नाही आणि उतरताना उडी मारावी लागत नाही. ज्याचे गुडघे दुखतात त्यालाच याची किंमत कळेल. एसीला फिरवायचं बटण आहे, ते रस्त्यावरची नजर न काढता बोटांना सापडतं. हे असंच राहावं, सगळं काही पडद्यावर नेऊ नये.

सकाळी लवकर कासच्या तळ्यापर्यंत जाते. फुलांच्या दिवसांत मुद्दाम नाही, तेव्हा गर्दी असते. मेच्या अखेरीस, वळवाचा एखादा पाऊस झाला की काचा खाली करते आणि ओल्या कातळाचा वास आत येतो. रेडिओ लावत नाही. नवीन गाडीचा आवाज ऐकण्यासारखा आहे.

पंचावन्नच्या पुढे वाहनपरवाना पाच-पाच वर्षांनीच वाढवून मिळतो आणि त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. हे योग्यच आहे. डोळे तपासावेत, मोतीबिंदू अंगावर काढू नये. समोरून येणारे पांढरे दिवे मला सहन होत नाहीत, म्हणून अंधार पडल्यावर मी महामार्गावर जात नाही. पण तुमच्या घरात सत्तरी ओलांडलेलं, नीट गाडी चालवणारं माणूस असेल, तर 'आता कशाला' म्हणत त्याच्या हातची किल्ली काढून घेऊ नका. जमत असेल तर लहानशी नवी गाडी घेऊन द्या, आणि पहिल्या दिवशी शेजारच्या सीटवर बसून कुठेतरी लांब जाऊन या.