रबराचा बेडूक

शिक्षकाच्या नोकरीत फिरती नसते, असा लोकांचा समज आहे. आम्हाला विचारा! कधी निवडणुकीचे प्रशिक्षण वर्ध्याला, कधी दहावीच्या उर्दूच्या उत्तरपत्रिकांचे काम नागपूरला. वर्षातून पाच-सहा वेळा तरी हिंगणघाटहून पिशवी उचलावीच लागते. नागपूरहून परतणारे सहकारी घरी संत्रा बर्फी नेतात. आम्ही गळ, तंगूस आणि शिशाचे गोळे नेतो.

हा शौक आमचा नाही, अब्बांचा. अब्बा गिरणीत कामाला होते. सुट्टीच्या दिवशी फजरची नमाज झाली की बांबूची काठी खांद्यावर टाकून वणा नदी गाठायची, हा त्यांचा अनेक वर्षांचा रिवाज. तरंगायला मोरपिसाची काडी, आमिषाला कणकेचा गोळा नाहीतर गांडूळ. अम्मी मसाला वाटून ठेवायच्या आणि मासा मिळाला नाही तर त्याच मसाल्यात बटाटे शिजायचे. तीन वर्षांपूर्वी अम्मींचा इंतेकाल झाला आणि काठी माळ्यावर गेली. अब्बा मशिदीत जात, परत येऊन खाटेवर बसत. विचारले तेवढेच बोलत. औषधपाणी, दुआ, नातवंडांची मस्ती, सगळे करून पाहिले. शेवटी नागपूरच्या एका खेपेत, दुपारची सभा लवकर आटोपली तेव्हा, आम्ही मासेमारीच्या सामानाचे दुकान शोधत जुन्या बाजारात शिरलो.

अशा दुकानात पहिल्यांदा जाणाऱ्याची फजितीच होते. जाळी इथे किलोवर विकली जाते. तंगूस, म्हणजे नायलॉनची पारदर्शक दोरी, मिलिमीटरच्या जाडीवर मिळते. आणि गळाचे नंबर तर उलटे. सहा नंबरचा गळ मोठा, दहाचा त्याहून बारीक. एकाच्याही वर जायचे असेल तर आकड्यापुढे तिरपी रेघ आणि शून्य येते, आणि तिथून आकडा वाढला की गळही वाढतो. आमची सातवीतली लेक नंतर म्हणाली, "हे तर ऋण संख्यांसारखंच झालं." नॉर्वेची मुस्ताद कंपनी १८७७ पासून गळ बनवते. तिच्या डब्यांची चवड दुकानदाराने समोर मांडली आणि कशालाही हात लावण्याआधी विचारले, "मास्टरसाहेब, पाणी कोणतं? नदी का तलाव? आणि मासा कोणता?"

पाणी नदीचे, एवढे आम्ही सांगितले. माशाचे नाव तोंडात आले, "मरळ."

त्याचे कारण जुने आहे. मरळ शिकारी जातीचा मासा, पाण्यावर हललेल्या जिवावर झडप घालणारा. त्याच्यासाठी नदीवरचे बरेच जण गळाला जिवंत बेडूक टोचतात. अब्बांनी ते कधीच केले नाही. एका तबीबाने औषधासाठी बेडकाबद्दल विचारले असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बेडूक मारण्यास मनाई केली, असे हदीसमध्ये आले आहे. अब्बांना ते मौलवीसाहेबांकडून लहानपणीच कळलेले. शेजारी बसलेला माणूस तासाभरात मरळ घेऊन उठायचा, अब्बा रोहूची वाट बघत बसायचे. माशाला जबह करावे लागत नाही, ही आपल्याला मिळालेली सवलत आहे. पण अब्बांच्या मते ती सवलत माशापुरती होती, आमिषापुरती नव्हे.

दुकानदाराने खणातून एक हिरवा बेडूक काढून काउंटरवर टाकला. रबराचा. पोटाखाली गळ लपलेला, मागे दोन झालरी पाय. "पाण्यावर टुणटुण ओढायचा, मरळ येतेच," तो म्हणाला. आम्ही पैसे दिले आणि बस पकडली.

अब्बांनी तो बेडूक बराच वेळ तळहातावर उलटापालटा करून पाहिला. मग पोट दाबले. "हे कोणी काढलं?" एवढेच विचारले. त्या रात्री माळ्यावरून काठी खाली आली. रबराच्या बेडकाला बांबू चालत नाही, रीळ लावलेली काठी लागते, हेही त्यांनीच आम्हाला सांगितले. म्हणजे पुढच्या खेपेची यादी तयार झाली.

इथपर्यंत सगळे सोपे होते. अडचण आली ती पाण्याची. वणेत उन्हाळ्यात कितीसे पाणी उरते! सहकाऱ्यांनी सुचवले, तलावावर चला, रविवारी कोण बघतंय. कुणी बोर धरणाचे नाव काढले. बोर हे १९७० पासून अभयारण्य आणि २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प. तिथे गळ टाकणे कायद्यात बसत नाही, आणि वाघाच्या गावी अब्बांना नेण्याची आमची हिंमतही नाही. राहिले बाकीचे तलाव.

तेवढ्यात बाजारात आमच्या नेहमीच्या ढीवर मावशी भेटल्या. मरळ घेताना आम्ही सहज तलावाचा विषय काढला. मावशींनी तराजू खाली ठेवला. "गुरुजी, तलाव आमच्या सोसायटीच्या ठेक्यात हाय. बीज आमी टाकतो, राखन आमी करतो, अन् इतवारच्या दिवशी गऱ्या घेऊन साहेब लोकं येते."

बीज टाकणे म्हणजे काय, हे गळ विकत घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे, असे आम्हाला वाटते. रोहू, कतला, मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी देतात, साचलेल्या तलावात सहसा देत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांचे सहकारी डॉ. अलीकुन्ही यांना या माशांचे प्रेरित प्रजनन साधले; म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. तेव्हापासून केंद्रांवर बीज तयार होऊ लागले. जिऱ्याएवढी पिल्ले ती मत्स्यजिरे, बोटाएवढी झाली की बोटुकली. सोसायट्या ती विकत घेऊन तलावात सोडतात आणि महिनोन्महिने सांभाळतात. वरून पाहणाऱ्याला मात्र ते निसर्गाचे फुकट देणे दिसते.

घरी येऊन आम्ही हे सांगितले. फिकहच्या पुस्तकांतही वाहत्या पाण्यातल्या मुक्त माशाचा आणि कुणी पाळण्यासाठी सोडलेल्या माशाचा हुकूम वेगळा आहे, हे अब्बांनी आम्हालाच ऐकवले. "बेडूक रबराचा आणून काय उपयोग, मासाच दुसऱ्याचा असला तर?"

मग अब्बा स्वतः मावशींकडे गेले. दोघांत काय बोलणे झाले ते आम्हाला पूर्ण कळलेले नाही. ठरले ते असे : सोसायटीची माणसे तलावावर असतील त्याच दिवशी जायचे, पकडलेला मासा त्यांच्या काट्यावर तोलायचा आणि बाजारभावाने पैसे द्यायचे. विकत घेण्यासाठी स्वतःच मासा पकडायचा, हा व्यवहार आमच्या सहकाऱ्यांना वेडेपणा वाटतो. तुटलेला तंगूस काठावर टाकायचा नाही, ही अट मावशींची. पाखरांचे पाय अडकतात म्हणून. अब्बा आता तुकडे खिशात घालून आणतात आणि धुण्याआधी आम्हाला खिसे तपासावे लागतात.

पहिल्या दोन खेपांत काहीच मिळाले नाही. तिसऱ्यांदा सव्वा किलोची मरळ. अब्बांनी काट्यावर पैसे मोजून दिले आणि घरी आल्यावर आमच्या बायकोला अम्मींचा मसाला तोंडी सांगितला, धने किती आणि सुकी मिरची किती. इतके सलग बोलणे आम्ही तीन वर्षांत ऐकले नव्हते.

पुढच्या महिन्यात नागपूरला पुन्हा सभा आहे. सहा नंबरचे गळ, पॉइंट चाळीसचा तंगूस आणि आणखी एक बेडूक. पहिल्याचा एक पाय मरळने नेला.